क्लबचा रेल्वे लेआउट: आधी सांधा, मग गाडी

मॉडेल रेल्वेच्या क्लबात पहिल्या बैठकीला हमखास दोन विषय निघतात: इंजिन कुठलं घ्यायचं आणि घाट करायचा की नाही. दोन्ही सध्या बाजूला ठेवा. आठ जण आठ घरांत बसून तुकडे करणार आणि एका रविवारी ते हॉलमध्ये जोडणार. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच, की माझ्या फळीवरून तुझ्या फळीवर जाताना गाडी घसरेल का?

त्याआधी सगळ्यांनी मिळून कोथरूडला एक चक्कर मारा. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ पासून आहे. बाकीचे गाड्या बघत असतील तेव्हा तुम्ही वळणं बघा, आणि हात कुठवर पोचला असता तेही बघा. मधोमध घसरलेला डबा उचलता येत नसेल, तर लेआउट कितीही देखणा असून उपयोग नाही.

माप

एचओ घ्या: प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. फ्लॅटच्या हिशेबाने १:१६० चं एन सोयीचं वाटतं, पण क्लबात दहा हात लागतात आणि एनची नाजूक चाकं त्यातल्या सगळ्यांना झेपत नाहीत. एक कबुली देऊन टाकतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, त्याला ८७ ने भागलं की १९.३ मिमी येतात. म्हणजे एचओच्या रुळांवर आपली इंजिनं जरा पाय जवळ घेऊन उभी असतात. ज्याला हे खुपतं त्याने घरी वेगळे रूळ बनवावेत, क्लबच्या मॉड्यूलवर, म्हणजे जोडायच्या फळीवर, नाही.

साचा

इथे घाई करू नका. ८×४ च्या एका प्लायशीटमधून ४×२ फुटांच्या चार फळ्या निघतात. भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून माल घेताना मशीनवर कापूनच घ्या, घरी हातकरवतीने काटकोन जमत नाही. वरची फळी ९ मिमी, खालची चौकट १२ मिमी प्लायच्या चार इंची पट्ट्यांची. त्याआधी सोसायटीची लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा.

साचा म्हणजे चौकटीच्या टोकाच्या पट्टीएवढाच प्लायचा तुकडा, सगळ्या फळ्यांची भोकं आणि रूळ एकाच जागी यावेत म्हणून. त्यात बोल्टची दोन भोकं आणि वरच्या कडेला रुळांच्या जागी बारीक खाचा. आमचं माप असं: पुढच्या कडेपासून १२५ मिमीवर पहिल्या लाइनचा मध्य, त्याच्या मागे ५० मिमीवर दुसरीचा. उजव्या टोकाला साचा उलटा धरावा लागतो, म्हणून दोन्ही बाजूंवर ठळक ‘समोर’ लिहा.

साचा एकच ठेवा, तो घरोघरी फिरू द्या. आम्ही शहाणपणा करून साच्यावरून साचा आणि त्यावरून आणखी एक केला. चौथ्यापर्यंत दोन मिमी सरकले. जोडणीच्या दिवशी त्या एका सांध्यावर प्रत्येक गाडी टक् करून आडवी होत होती. शेवटी भोकं बुजवून पुन्हा पाडली.

रुळाचं टोक नुसतं चिकटवलं तर ने-आण करताना उखडतं. फळीच्या कडेला प्रत्येक रुळाखाली एक पितळी स्क्रू बसवा, डोकं रुळाच्या तळाला लागेल इतका वर ठेवा आणि रूळ त्यावर सोल्डर करा. प्लॅस्टिकचे स्लीपर वितळू नयेत म्हणून शेजारी ओला कापूस ठेवा. शेवटचे १५ सेंमी रूळ सरळ आणि कडेला काटकोनातच हवेत.

फळीच्या मध्ये मात्र रुळांच्या तुकड्यांत अर्धा-एक मिमी फट सोडा. पावसाळ्यात फुगलेल्या प्लायवर घट्ट टाकलेले रूळ मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात, प्लाय आकसलं की, वाकतात. आमच्या एका सभासदाचा आख्खा यार्ड असा सापासारखा झाला होता.

वायर

फळीखालून दोन जाड वायर, १.५ चौरस मिमीच्या: मागच्या रुळाला लाल, पुढच्याला काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून स्वतंत्र बारीक वायर जोडा, दोन रूळ जोडणाऱ्या जोडपट्टीच्या भरवशावर राहू नका. वायर आणि कनेक्टर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळतात. रंगाचा नियम मोडणाऱ्याला चहा पाजायला लावा. शॉर्ट सर्किट शोधण्यात जाणारी संध्याकाळ त्यापेक्षा महाग पडते.

घाट करायचाच असेल तर

आणि पुण्यात तो करायचाच असतो. बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एक लाइन दुसरीवरून न्यायला ८० मिमी उंची धरा. ८० गुणिले ३७ म्हणजे जवळपास तीन मीटर नुसता चढ, उतार वेगळा. मॉडेलचं इंजिन हलकं आणि वळण आवळ, त्यामुळे ५० ला १ ठेवा. चार मीटर लागतील. तरी गाडी अडली तर कर्जतला लावतात तसं मागून ढकलणारं बँकर इंजिन लावा. बघणाऱ्यांना तेच सगळ्यात आवडतं.

डोंगर करताना परदेशी किटमधली टोकदार शिखरं विसरा. सह्याद्री थरांचा आहे: सपाट माथा, उभा कडा, पायरी, पुन्हा कडा. थर्मोकोलचे थर प्रत्येक वेळी थोडे आत घेत रचा, वर कागदाचा लगदा लावा, काळसर करडा रंग द्या. दिवाळीत किल्ला केलेला माणूस क्लबात असतोच, हे काम त्याला द्या. गवताला लाकडाचा भुसा चहाच्या गाळणीतून गाळून रंगवा. पण महिना आधी ठरवा. आमच्याकडे एका फळीवर जुलैतला धबधबा आणि शेजारच्या फळीवर मार्चचं वाळलेलं गवत होतं.

खडी म्हणजे गाळलेली बारीक वाळू. ब्रशने पसरा, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी फवारा, मग एकाला तीन पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथल्या, हलत्या पात्यांजवळ ड्रॉपर नेऊच नका, तिथे कोरडी वाळूही नको.

पहिली गाडी

पहिला फेरा इंजिनाशिवाय. एकटा डबा बोटाने ढकलत सगळा लेआउट फिरवा. जिथे टक् आवाज येईल तिथे खडूची खूण. मग इंजिन, सगळ्यात कमी वेगावर. डबे त्यानंतर. एक डबा २५ सेंमी धरला तर सोळा डब्यांचे चार मीटर होतात, आणि आपला प्लॅटफॉर्म दीड मीटरचा असतो. तेव्हा सहा डब्यांवर समाधान माना.

हॉलमध्ये एक वही दोरीने बांधून ठेवा. आमच्या वहीतली शेवटची नोंद: ‘फळी ३, मागची लाइन, डाव्या सांध्यावर इंजिन थबकतं. स्क्रू पाव फेरा खाली घेतला. चाललं.’