भुतावर खापर फोडू नका: गूढ मालिका लिहिताना या चुका टाळा

मराठवाड्यातली बरीच पोरं हल्ली भुताच्या मालिका लिहून यूट्यूबवर टाकतात. गढी खरी मिळते, बारव खरी मिळते, आणि आजीच्या तोंडची भाषा तर पुण्या-मुंबईच्या संवादलेखकाला जमायचीच नाही. तरी तिसऱ्या-चौथ्या भागात गोष्ट बसते. का बसली हे शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच दुखणं सापडतं. माणसानं जे केलं, ते भुताच्या नावावर लिहून टाकलेलं असतं.

भूत आलं की माणूस सुटतो

नवरा बायकोला मारतो, भाऊ जमिनीपायी भावाच्या जिवावर उठतो, आणि मग कळतं की त्याला खविसानं झपाटलं होतं. खवीस उतरतो, सगळे एका पंगतीत जेवतात, भाग संपतो. "मी नाही मारलो, अंगात आलं होतं," हे वाक्य आपल्याकडं पडद्याबाहेरही चालतं. मालिकाही तेच म्हणू लागली तर ते रूपक कसलं? आरोपीचा जबाबच तो.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात हा घोळ सोडवून ठेवलाय. त्यांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि उतारा म्हणजे सत्त्वगुणाचा अंगारा. ठणका ओळखीचा असल्यामुळं ऐकणारा हसतो, पण मांत्रिकाकडं जाऊन मोकळं व्हायची सोय त्यात ठेवलेली नाही. ज्याला चावला त्यानंच उतरवायचा.

अमेरिकेतल्या 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' (१९९७ ते २००३) या मालिकेत एंजल नावाचा रक्तपिशाच आहे. शाप म्हणून त्याला त्याचा आत्मा परत दिला जातो. शिक्षा हीच, की आता केलेली प्रत्येक हत्या त्याला टोचत राहणार. आत्मा नसताना केलेलं पाप त्याचं की आतल्या राक्षसाचं, याचा निकाल मालिका कधी पक्का देत नाही. एंजल मात्र हात झटकत नाही. एवढ्या एका ओझ्यावर त्याची वेगळी मालिका पुढं पाच सीझन चालली.

तुमच्या गोष्टीत हे असं आणता येईल. समजा, भावानं बहिणीचा हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला. काही दिवसांनी त्याच्याच अंगठ्याला शाई फुटू लागली. धुऊन जात नाही. भाकरीला लागते, लेकराच्या गालाला लागते. इथपर्यंत कुणालाही सुचेल, खरा कस पुढं आहे. देवरशानं उतरवलेल्या लिंबानं शाई गेली तर गोष्ट तिथंच मेली. भावानं बहिणीच्या नावानं बक्षीसपत्र केलं, फेरफार घेऊन तिचं नाव सातबाऱ्यावर परत लावलं, घरात बायकोनं बोलणं टाकलं, विहिरीजवळचा चांगला तुकडा हातचा गेला, तर त्या शाईला वजन आलं. आणि एवढं करूनही शाई थोडी उरलीच तर? मला तो शेवट जास्त आवडेल.

मेलेली राक्षस, मारणारे बिनदोष

ही चूक जास्त खोल आहे आणि सहज दिसत नाही, कारण ती आपल्या लोककथेतच मुरलेली आहे. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. मुंजा म्हणजे सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला पोरगा. दोघंही अन्याय किंवा अपुरेपण घेऊन गेलेले, आणि गोष्टीत भीती कुणाची? त्यांचीच. बाईला कळा सुरू असताना जीप काढायला ज्यानं नकार दिला, तो मात्र चौथ्या भागात ताईत बांधून नायक होतो.

हडळ लिहायचीच असेल तर ती कुणाच्या दारात उभी राहते ते आधी ठरवा. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही धरणारी हडळ फक्त दचकवते. ज्या घरानं दवाखाना टाळला त्याच घरातल्या माणसांना ती दिसते, शेजाऱ्याला दिसत नाही, असा नियम केला की गोष्ट आपोआप चालू लागते. भुताचा नियम माणसाच्या करणीतून निघाला पाहिजे.

एका भुताला दोन अर्थ

'बफी'सारख्या मालिकेचाही इथं पाय घसरला. त्यातल्या विलो या मुलीची जादू आधी तिची ताकद होती, तारा या मैत्रिणीवरच्या प्रेमाशीही जोडलेली होती. सहाव्या सीझनमध्ये तीच जादू अचानक व्यसन झाली. जादू पुरवणारा दलाल आला, अंगाला कापरं भरलं. प्रेमाची खूणही तीच आणि नशेची खूणही तीच, म्हटल्यावर प्रेक्षकानं काय समजायचं? पुढं तारा एका माणसाच्या साध्या पिस्तुलाच्या गोळीनं मरते, सूडानं पेटलेली विलो त्याला ठार करते आणि जगच संपवायला निघते. तिला थांबवतो तो लहानपणापासूनचा मित्र, आणि तेही कुठल्या मंत्राविना, फक्त समोर उभा राहून. नशेपेक्षा हा राग किती तरी खरा वाटतो. म्हणून एका भुताला एकच अर्थ द्या, आणि तो पात्रांच्या तोंडून वदवू नका. "हे भूत म्हणजे आपला लोभ आहे," असं सरपंचानं सांगितलं की प्रेक्षक मोबाइल खाली ठेवतो.

देवरशाला हिरो करणं

बाईला खांबाला बांधून मिरचीची धुरी दिली आणि भूत गेलं, असा प्रसंग जोरदार दिसतो. पण भूत उतरवायच्या नावाखाली असं करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. प्रसंग दाखवायला हरकत नाही, उपाय लागू पडला हे दाखवायला आहे. भानामतीचंही तसंच. घरात कपडे पेटतात, दगड पडतात, यामागं बऱ्याचदा घरातलंच कुणीतरी दबलेलं माणूस असतं, असं अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगत आलेत. त्या माणसाची गोष्ट कुणी लिहायलाच तयार नाही. माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात मोठी मालिका तिथं पडून आहे.

उसनं कोकण

कोकणातली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये गाजली, तेव्हापासून आपल्याही गोष्टीत धो-धो पाऊस आणि काळोखी झाडी घुसली. आपली भीती उन्हातली आहे. भर बाराला बारवेकडं जाऊ नको, तिथं साती आसरा असतात, असं बजावणारी म्हातारी घरोघर आहे. टळटळीत ऊन, तडे गेलेलं माळवद, माळरानावरचा चकवा. लाइटचा खर्चही वाचतो.

सगळ्याच दुःखाला भूत जोडणं

काही गोष्टींना रूपक लावायचं नसतं. 'बफी'च्या पाचव्या सीझनमध्ये नायिकेची आई मरते, आणि तिला कुठल्याही राक्षसानं मारलेलं नसतं, मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असते. त्या भागात पार्श्वसंगीत नाही. इतकी वर्षं राक्षस मारणारी ती मुलगी तिथं काही करू शकत नाही. आपल्याकडं कर्जापायी गेलेला बाप, टँकरच्या वाटेवर पडलेली पोरगी, यांच्यामागं खवीस उभा केला तर सावकार आणि आटलेलं धरण दोन्ही नजरेआड जातात. असा प्रसंग आला की त्या पानावरचं भूत खोडा, संगीताची सूचना खोडा, आणि उरलेलं मोठ्यानं वाचून बघा. वाचताना काहीच हाती लागलं नाही, तर प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.