सिनेमाच्या इतिहासाचा अभ्यास: आधी कागद, मग पडदा

चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यास करायचाय म्हणून भेटायला येणारी मुलं बहुधा एकच गोष्ट मागतात: बघायलाच हव्यात अशा शंभर सिनेमांची यादी. मी ती देत नाही, कारण आपल्या सुरुवातीच्या सिनेमाचा मोठा भाग बघायला उरलेलाच नाही. मूकपटांच्या काळात देशात हजाराहून अधिक चित्रपट झाले. त्यांतले पूर्ण किंवा तुटक मिळणारे मोजकेच. बाबूराव पेंटरांची १९२० ची ‘सैरंध्री’ गेली. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला लागलेला पहिला बोलपट ‘आलम आरा’ही गेला. तेव्हाची नायट्रेट फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, आणि आगीतून वाचलेली कितीतरी रिळं चांदी काढण्यासाठी भंगारात गेली.

मग अभ्यास कशाचा करायचा? कागदांचा. मी इतिहासात एम. ए. करून या कामात आले, त्यामुळे मला हे सोपं गेलं असावं. सिनेमावेड्यांना मात्र पहिले काही महिने जड जातात.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी अक्षरशः डबा डबा गोळा करून उभं केलं. तिथे गेल्यावर आधी ग्रंथालय आणि चित्रपटांच्या पुस्तिका मागा. पूर्वी थिएटरवर आण्या-दोन आण्यांना या पुस्तिका विकायचे: गाणी, कलाकारांची नावं आणि कथासार. कथासार ऐन रंगात आलं की थांबतं आणि ‘पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा’ असं काहीतरी सांगतं. मला हा चावटपणा फार आवडतो. पण काम गंभीर असतं. चित्रपट नष्ट झाला असेल तर त्याची गोष्ट, गाणी आणि काम करणाऱ्यांची नावं अनेकदा या चार-आठ पानांतच उरलेली असतात. कुठल्या भाषांत पुस्तिका छापली हे पाहिलं की निर्मात्याची नजर कुठल्या प्रांतावर होती तेही कळतं.

दुसरी खाण म्हणजे १९२७-२८ ची इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी, देशातल्या सिनेमाची चौकशी करायला इंग्रज सरकारने नेमलेली. अध्यक्ष दिवाणबहादूर टी. रंगाचारी. समितीने गावोगावच्या थिएटरवाल्यांना, वितरकांना, शिक्षकांना आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले आणि साक्षी जशाच्या तशा छापल्या. दादासाहेब फाळक्यांचीही साक्ष त्यात आहे. हे खंड जालावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. भाषा सरकारी, कंटाळवाणी. तरी रोज थोडी पानं वाचा. पडद्यासमोर कोण बसायचं आणि कुणाला काय आवडायचं, हे इतकं थेट दुसरीकडे क्वचितच मिळतं.

‘पहिला चित्रपट कोणाचा’ या भांडणात मात्र शिरू नका. दादासाहेब तोरण्यांचं ‘श्री पुंडलिक’ मे १९१२ मध्ये, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला, दोन्ही गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागले. पहिलं म्हणजे चालू नाटकाचं चित्रीकरण, दुसरी पडद्यासाठी रचलेली कथा. एवढा फरक कळला की पुरे. त्यापेक्षा रंजक प्रश्न असा की ‘हरिश्चंद्र’ म्हणून आज आपण जी रिळं पाहतो ती १९१३ ची आहेत की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची? अभ्यासकांचं यावर एकमत नाही. पुरावा कसा तोलायचा हे शिकायला इतकं चांगलं प्रकरण नाही.

आता ‘सांस्कृतिक प्रभाव’. प्रबंधाच्या शीर्षकात हा शब्द दिसला की मी धास्तावते, कारण प्रभाव म्हणायला सोपा, दाखवायला अवघड. प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव. एवढं लिहून मुलं थांबतात. पण त्यातलं ‘आधी बीज एकले’ गाथेत शोधा, सापडणार नाही. ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलं, आणि आजही कित्येकांना तो तुकोबांचाच अभंग वाटतो. सिनेमाचं गीत संतवाङ्मयात जाऊन बसतं, याला मी प्रभाव म्हणते. असा एक धागा पकडा आणि कीर्तनकार, भजनी मंडळं, जुन्या ध्वनिमुद्रिका असा त्याचा माग काढा. प्रबंध त्यातच आहे.

सिनेमा बघायचाच तर जोडीने बघा. प्रभात एकच कथा मराठीत आणि हिंदीत वेगवेगळी चित्रित करायची. १९३७ चा ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, १९४१ चा ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. ‘पडोसी’त हिंदू शेजारी मझहर खान यांनी केला आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांनी. मराठीत मिर्झा जागीरदारच, पण समोर केशवराव दाते. तोच प्रसंग दोन्हींत थांबवून थांबवून पाहा. संवाद कुठे आखडले, विनोद कुठे बदलला याची वहीत नोंद करा. हिंदी आवृत्ती मराठीची नक्कल असते ही समजूत दोन रात्रींत जाते.

आत्मचरित्रं वाचावीत, पण ती बहुधा कित्येक वर्षांनी, जुने हिशेब डोक्यात ठेवून लिहिलेली असतात. तारखा तरी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवरून ताडून घ्या.

पोटापाण्याचं विचारलंत तर ‘चित्रपट इतिहासकार’ अशी नोकरीची जाहिरात मी पाहिलेली नाही. माझी कमाई मुख्यतः सबटायटल्स आणि माहितीपटांसाठीच्या संशोधनातून येते. सोबतची काही जण जुन्या फिल्मच्या नोंदी आणि तपासणी करतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेटची (नायट्रेटच्या जागी आलेली) फिल्म सडायला लागली, हे ओळखणं तिथे पहिल्या धड्यात येतं. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन जतनाच्या कार्यशाळा घेते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा (एफटीआयआय) रसास्वादाचा वर्ग काही आठवड्यांचा असतो. नोकरी मिळत नाही, नजर मिळते आणि माणसं भेटतात. चांगलं मराठी आणि जुनी छपाई झरझर वाचण्याची सवय असेल तर काम मिळत राहतं. पैसे उशिरा मिळतात, तेवढी तयारी ठेवा.

आणि पुण्या-मुंबईला येणं जमत नसेल तर गावातच सुरुवात करा. तालुक्याचं एकपडदा थिएटर, जत्रेतला तंबू, यांचा इतिहास फारसा कुणी लिहिलेला नाही. परवाना कुणाच्या नावावर होता, बायकांना वेगळं बसवत का, रिळं कुठल्या एसटीने यायची, हे सांगणारे ऑपरेटर आता म्हातारे झालेत. दुपारी, त्यांची झोप झाल्यावर जा, मोबाइलवर रेकॉर्डिंगची परवानगी मागा, आणि जुनी पोस्टरं किंवा तिकिटाची पुस्तकं दाखवली तर जागेवरच फोटो काढून घ्या.