कुंडीतल्या डाळिंबाची माती बदलताना

माझ्या गच्चीवर एक डाळिंब आहे. गणेश जातीचं, अकरा वर्षांचं. सांगोल्याकडं वडिलांनी गणेशची बाग लावली होती. पुढं सगळीकडं भगवा ही दुसरी जात आली तशी अण्णानंही, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, जुनी झाडं काढायचं ठरवलं. काढण्याआधी त्यानं एका फांदीवर गुटी बांधली आणि मुळं सुटलेलं ते कलम मला सोलापूरला आणून दिलं. वडिलांच्या बागेतलं आता तेवढंच उरलंय. म्हणून त्याची कुंडी बदलायची वेळ आली की मी दोन दिवस दुसरं काही काम ठेवत नाही.

शेजारणी विचारतात, डाळिंबं बाजारात ढिगानं मिळतात, २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं, मग कुंडीत कशाला? मी ते फळासाठी ठेवलेलंच नाही. फेब्रुवारीत निष्पर्ण काड्यांवर आधी तांबूस पालवी येते, मग त्या शेंदरी, जाड पाकळ्यांच्या कळ्या. ते बघायला मी सकाळी चहा घेऊन वर जाते.

दर दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलावीच लागते. पाणी घातलं की लगेच खालून निघून जातं, नाहीतर वरच साचून राहतं. भोकातून मुळं बाहेर डोकावतात. पालवी बारीक येते, कळ्या धरतात आणि गळून जातात. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की समजा, आत मातीपेक्षा मुळंच जास्त झालीत. दुसरी एक खूण आपल्याकडचीच आहे. बोअरच्या क्षारांनी कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर धरतो. तो नुसता वरवर खरवडून भागत नाही, आतली मातीही तशीच झालेली असते.

वेळ मात्र अजिबात चुकवू नका. डाळिंब पानगळ होणारं झुडूप आहे. शेतकरी आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं यावीत म्हणून, काय करतात? पाणी तोडून बागेला ताण देतात, पानं गळू देतात, छाटणी करतात आणि मग पाणी सोडतात. पानं गळाल्यापासून डोळे फुगेपर्यंत झाड झोपलेलं असतं. अण्णाचं वाक्य आहे, ‘झोपलंय तोवर उचल. जागं झाल्यावर हात लावू नकोस.’ मी डिसेंबर लागला की पाणी कमी करत आणते. पूर्ण बंद करत नाही, कारण शेतातलं मूळ खोल जाऊन ओल शोधतं, कुंडीतलं जाणार कुठं? चार-पाच दिवसांनी एक तांब्या, एवढंच. पानं पिवळी पडून गळू लागतात. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तोवर काड्या बहुतेक मोकळ्या झालेल्या असतात, आणि यात्रेची गर्दी ओसरली की मी कुंडीला हात घालते. फांदीवर नखानं हलकं खरवडून बघा. आत हिरवं दिसलं म्हणजे झाड जिवंत आहे, घाबरू नका. डोळे फुगून लाल टोकं दिसायला लागली असतील तर मात्र यंदा राहू द्या. वरची दोन इंच माती काढून तिथं शेणखत भरा आणि पुढच्या वर्षाची वाट बघा.

आता मातीचं सांगते, कारण इथंच माझं एक कलम गेलं. अण्णानं याच्याबरोबर आणखी एक कलम दिलं होतं. त्याला मी शेतातून पोतंभर काळी माती आणून तीच निव्वळ भरली. वडिलांच्या रानातली माती, हिच्याइतकं चांगलं काय असणार, असं वाटलं. पावसाळ्यात ती लोण्यासारखी चिकट झाली आणि पाणी हटेना. एप्रिलमध्ये ती आक्रसली, कुंडीची कड सोडून बोटभर आत सरकली. मी रोज पाणी घालत होते आणि ते त्या फटीतून सरळ खाली जात होतं, मुळांना थेंबही मिळत नव्हता. मे महिन्यात झाड वाळलं. काळी माती शेतात चालते, कारण खाली मुरूम असतो आणि मुळांना पसरायला जागा असते. कुंडीत ती एकटी चालत नाही.

माझं माप घमेल्याचं आहे. दोन घमेली तांबडी किंवा पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड वाळू. वाळू नसेल तर विटांचा चुरा चाळून घ्या, त्यातली धूळ टाकून द्या. वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत हातात घेऊन वास घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा आला तर ठीक. शेणाचा वास येत असेल किंवा हाताला ऊब लागत असेल तर ते कच्चं आहे, मुळं जाळेल. काळी मातीच हाताशी असेल तर एक घमेल्याच्या वर घेऊ नका आणि वाळू वाढवा.

कुंडी एकच आकार मोठी घ्या. बारा इंचातलं झाड चौदा-पंधरा इंचांत. एकदम मोठ्या पिंपात लावलं तर मुळं नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. मला आता मोठी कुंडी नको आहे, झेपत नाही, म्हणून मी मुळं छाटून त्याच कुंडीत परत लावते. नवी घ्यायची तर सरळ तोंडाची घ्या. पोट मोठं आणि तोंड लहान अशा कुंडीतून झाड काढायचं म्हणजे एक तर कुंडी फोडायची, नाहीतर मुळं तोडायची.

आदल्या दोन-तीन दिवशी पाणी देऊ नका. कोरडा गड्डा, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, कड सोडतो आणि वजनही उतरतं. आधी फांद्या छाटून घ्या. साधारण चौथा हिस्सा काढायचा, कारण मुळं कमी होणार तर वरचा भारही कमी पाहिजे. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, आणि बुडातून सरळ वर गेलेले पाणफुटवे आधी. तीन-चार खोडं ठेवा, बाकी काढा. कात्री दरवेळी स्पिरिटनं पुसा. तेल्या रोगानं इथल्या बागा किती बसवल्या ते आम्ही पाहिलंय, आणि तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर कात्रीनंही जातो.

मग जुनी सोलापुरी चादर दोनपदरी अंथरायची. डाळिंबाला काटे असतात, तिच्याच एका टोकानं फांद्या गुंडाळून सुतळीनं सैल बांधायच्या. कुंडी आडवी करून चादरीवर हळूहळू गोल फिरवत तळव्यानं थापटायची. कडेनं जुनं हॅक्सॉ ब्लेड एकदा फिरवून घ्यायचं. खोड धरून ओढायचं नाही. भोकातून बोटानं दाबलं की गड्डा सुटतो.

आमच्या घरात यंत्रमाग होता, मी वीस वर्षं कांड्या भरल्या, म्हणजे मागासाठी नळ्यांवर सूत गुंडाळलं. पहिल्यांदा हा गड्डा बाहेर आला तेव्हा मला भरलेली कांडीच आठवली. तांबूस मुळं एकावर एक फेरे घेऊन कुंडीच्या आकाराची झालेली, मधे माती नावालाच. असे फेरे तसेच ठेवून नव्या मातीत लावलं तर मुळं बाहेर येत नाहीत, तिथंच गरगरत राहतात. म्हणून बांबूच्या काडीनं खालून वर, बाहेरून आत, सूत उकलावं तसं उकलत जायचं. घाई केली की तुटतात. कडेचा इंच-दीड इंचाचा थर आणि तळाची चटई धारदार कात्रीनं कापून टाकायची. एकूण चौथा हिस्सा, फार तर तिसरा. खोडाजवळचा मधला गड्डा फोडू नका.

मुळं समोर आहेत तोवर नीट बघून घ्या, ही संधी परत दोन-तीन वर्षं येणार नाही. बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, आहेत. ती मुळं कापून जाळायची, जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही, निंबोळी पेंड वाढवायची आणि शेजारी झेंडू लावायचा. काळी, मऊ, वास मारणारी मुळं म्हणजे पाणी साचत होतं. चांगलं मूळ कापल्यावर आत पिवळसर दिसतं. उघड्या मुळांना ऊन आणि वारा लागू देऊ नका, मधे उठावं लागलं तर ओली चादर टाकून उठा.

भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवायचा, मग थोडी माती, मग झाड. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच राहिलं पाहिजे, खोल गाडलं तर बूड कुजतं. कडेनं माती सोडत काडीनं हलकं टोचत जा, म्हणजे मुळांच्या मधे पोकळी राहत नाही. पायानं किंवा मुठीनं दाबू नका. वर दोन इंच जागा मोकळी ठेवा. खालून पाणी निघेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्या, माती बसली तर थोडी अजून घाला.

नंतर आठ-दहा दिवस सावलीत. मी जिन्याच्या पत्र्याखाली ठेवते. पुढचं पाणी बोट घालून बघून, वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच. पानं नसलेलं झाड पाणी फार पीत नाही, या काळात जास्त झाडं पाण्यानंच मरतात. महिना-दीड महिना कुठलंही खत नको. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बोअरचंच वापरावं लागतं. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी मी एक बादली त्या कुंडीला पूर्ण सोडते, क्षार खाली धुऊन जातात.

मार्चपासून कुंडीला बाहेरून चुना लावा आणि ती विटांवर ठेवा. सोलापूरचा पारा चाळीसच्या वर गेला की तापलेल्या स्लॅबवर कडेची कोवळी मुळं भाजतात.

पहिल्या बहाराची फुलं गळाली तर मन खट्टू करू नका. घंटेसारखी, बुडाशी निमुळती फुलं नर असतात, ती गळणारच. बुडाशी फुगीर, सुरईसारखी असतात त्यांनाच फळ धरतं. त्या वर्षी एक-दोनच ठेवा, बाकी खुडा.

छाटलेल्या काड्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब, डोळा वर ठेवून अर्ध्या वाळूमिश्रित मातीत खोचा. मागच्या खेपेला सहा लावल्या, त्यातल्या दोन जगल्या. एक मुलीकडं पुण्याला गेली. दुसरी पिशवीत तयार आहे, पाऊस पडला की अण्णाच्या बांधावर लावायची.