ट्रेडिंग सॉफ्टवेअरमधल्या एआय एजंटसाठी टूलची वर्णनं लिहायची तर

डीलिंग रूममधून सॉफ्टवेअरच्या टीममध्ये आलेल्यांच्या किंवा कॉलेजातून थेट फिनटेकमध्ये शिरलेल्यांच्या वाट्याला हल्ली एक काम बऱ्याचदा येतं: एआय एजंट (ग्राहकाचं म्हणणं वाचून पुढचं काम स्वतः करणारं सॉफ्टवेअर) जी टूल्स, म्हणजे भाव पाहणं, ऑर्डर टाकणं अशी कामं करून देणारे कोडचे तुकडे, वापरतो, त्यांची वर्णनं लिहायची. दोन-चार ओळींचं तर काम, म्हणून ते नवख्याच्या गळ्यात पडतं. काही काळ हेच करत असल्यामुळे सांगतो, इथे कोडिंगपेक्षा बाजार कळणं जास्त उपयोगी पडतं.

टूलचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची याचा स्कीमा, एवढंच मॉडेलला (एजंटमागच्या एआयला) दिसतं. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला एमसीपी (मॉडेलला टूल्स जोडायची एक प्रमाण पद्धत) घ्या किंवा दुसरं काही, मांडणी साधारण अशीच. आतला कोड त्याच्यासमोर नसतो. एपीआयची (दोन सॉफ्टवेअरना जोडणाऱ्या दुव्याची) माहिती अर्धवट असली तर प्रोग्रामर शेजारच्याला विचारतो, जुना कोड चाळतो. मॉडेल त्या चार ओळींवरच निर्णय घेऊन मोकळं होतं.

आता समजा ग्राहकाने लिहिलं, "माझ्याकडचे सगळे शेअर विकून टाक." तुमच्याकडे दोन टूल्स आहेत. एकाचं वर्णन "होल्डिंग्ज देते", दुसऱ्याचं "पोझिशन्स देते". मॉडेल बहुधा पहिलं उचलेल, आणि ग्राहकाने आज सकाळी डिलिव्हरीसाठी घेतलेले शेअर तसेच राहतील. कारण बऱ्याच ब्रोकरांकडे आज घेतलेला शेअर आज पोझिशन्समध्ये असतो आणि पुढच्या दिवशी होल्डिंग्जमध्ये जातो. डीलरला हे झोपेतही माहीत असतं, म्हणूनच तो ते लिहायला विसरतो. पहिल्या टूलच्या वर्णनात असं हवं: "डीमॅटमधले, आधीच्या दिवसांत घेतलेले शेअर देते. आज घेतलेले शेअर आणि एफ अँड ओचे (फ्युचर्स-ऑप्शन्सचे) सौदे यात येत नाहीत. त्यासाठी पोझिशन्सचं टूल वापरावं. ग्राहक 'सगळे' म्हणत असेल तर दोन्ही पाहावीत." टूल कधी वापरायचं नाही, हे सांगणारं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. टूल काय करतं ते नावावरूनही थोडंफार कळतं.

दुसरी जागा म्हणजे एकक. 5 ऑक्टोबर 2012 ला एनएसईवर एका ब्रोकरच्या डीलरकडून संख्येच्या जागी रक्कम टाकली गेली. सुमारे 650 कोटी रुपयांचे सौदे होऊन गेले आणि निफ्टी काही क्षणांत 15 टक्क्यांहून जास्त कोसळला. तो तर बाजारात बसणारा माणूस होता. मॉडेलला नुसतं "क्वांटिटी: पूर्णांक" असं दिलंत तर 2 म्हणजे दोन नग की दोन लॉट (ठरावीक नगांचे गठ्ठे) हे त्याने कशावरून ओळखावं? शिवाय प्रत्येक एपीआयची तऱ्हा वेगळी. एकाच ब्रोकरकडे निफ्टीच्या ऑप्शन्सना संख्या नगांत आणि एमसीएक्सला (कमॉडिटी बाजाराला) लॉटमध्ये, असंही असतं. लाइव्ह भाव काही ठिकाणी पैशांत येतात, ऑर्डर मात्र रुपयांत द्यायची असते. म्हणून एकक वर्णनात तर लिहाच, पॅरामीटरच्या नावातही घाला: "क्वांटिटी" ऐवजी "नगांची संख्या", "प्राइस" ऐवजी "भाव रुपयांत".

लॉटचा आकडा मात्र वर्णनात कोरून ठेवू नका. 2024 या एकाच वर्षात निफ्टीचा लॉट 50 वरून 25 झाला आणि वर्षअखेरीच्या नव्या करारांसाठी 75. चालू आकडा कुठल्या टूलमधून घ्यायचा, तेवढं सांगा.

टूलकडून जे परत येतं, त्याबद्दल नवखे लोक बहुतेक काहीच लिहीत नाहीत. ऑर्डर टाकल्यावर ऑर्डर क्रमांक मिळतो. मॉडेल लगेच ग्राहकाला कळवतं, "तुमचे शेअर खरेदी झाले." प्रत्यक्षात त्या क्रमांकाचा अर्थ ऑर्डर स्वीकारली, एवढाच. ती रिजेक्ट होऊ शकते, लिमिटला (ग्राहकाने ठरवलेल्या भावाला) पडून राहू शकते, अर्धीच भरू शकते. तेव्हा "सौदा झाला की नाही ते ऑर्डरच्या स्थितीतून पाहिल्याशिवाय ग्राहकाला सांगू नये" हे वाक्य हवंच. टाइमआउटचंही तसंच: उत्तर आलं नाही तर पुन्हा ऑर्डर टाकण्याआधी ऑर्डर बुक (टाकलेल्या ऑर्डरींची यादी) पाहावं, नाहीतर एकाच्या दोन ऑर्डरी होतात.

"काळजीपूर्वक वापरा", "अत्यंत महत्त्वाचे" असली वाक्यं मी सरळ खोडतो. त्यातून मॉडेलला करण्यासारखं काही कळत नाही. आणि वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. एका ऑर्डरची कमाल रक्कम, ग्राहकाची संमती, बाजाराची वेळ या गोष्टी कोडमध्येच अडवायच्या. एमसीपीत टूल फक्त वाचणारं आहे की काही बदलणारं, अशी खूण करता येते, पण ती नुसती खूणच. तिच्यावर विसंबून ऑर्डर सोडू नये.

सराव घरीही करता येतो. भाव, होल्डिंग्ज आणि पोझिशन्स नुसतं दाखवणारी, खोट्या डेटावर चालणारी तीन-चार टूल्स बनवा. ऑर्डरचं टूल इतक्यात नको. मग ओळखीच्या ट्रेडरांना विचारून त्यांच्याच तोंडची वाक्यं जमवा: "बँक निफ्टीतलं काढ", "कालचा माल किती राहिला?", "आज किती सुटले?" प्रत्येक वाक्याला कोणतं टूल निवडलं जावं ते आधी लिहून ठेवा आणि मग एजंटला चालवा. निवड चुकली तर ग्राहकाचं वाक्य बदलू नका, वर्णन बदला. एक टूल सुधारताना शेजारच्याची निवड बिघडते, म्हणून दर वेळी सगळी वाक्यं पुन्हा चालवायची. दोन टूल्समध्ये गोंधळ काही केल्या मिटत नसेल तर ती दोन असायलाच हवीत का, हे टीमला विचारा. नोकरीसाठी जाताना हीच वही न्या: वाक्य, अपेक्षित टूल, निवडलेलं टूल आणि वर्णनात केलेला बदल. मी मुलाखत घेतो तेव्हा प्रमाणपत्रांआधी हेच मागतो.