डिस्चार्ज कार्ड हातात देण्याआधी

वॉर्डात नर्स म्हणून नव्याने लागलेल्या पोरापोरींना क्वालिटी म्हटलं की ऑडिटची फाईल आठवते. एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, माणसं येणार म्हणून भिंतीवर हात धुण्याचे तक्ते लागतात, रजिस्टरं रातोरात पूर्ण होतात. फाईल हवीच, तिची टिंगल मी करणार नाही. पण पुण्यात मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज म्हणून मी एक गोष्ट रोज बघते. पेशंट आपल्यापर्यंत कसा पोहोचला आणि घरी गेल्यावर परत येऊ शकतो का, यावर आपल्या कामाचा निम्मा निकाल लागलेला असतो. म्हणून सुरुवात अ‍ॅडमिशनलाच करा.

केसपेपरवर पत्ता लिहून थांबू नका. "इथे कसे आलात?" हे विचारा. जनता वसाहतीतून रिक्षाने आलेला माणूस आणि वेल्ह्याच्या पुढच्या वाडीतून एसटीने स्वारगेटला उतरलेला माणूस, दोघांचा आजार एक असला तरी फॉलोअप एक असू शकत नाही. मग कामाचं विचारा. रोजंदारीवर असेल तर एक ओपीडी म्हणजे एक खाडा. आणि रेशनकार्ड, आधार कुठे आहे? गावाकडे असेल तर त्याच दिवशी फोन करायला लावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांना, तेही आधी मंजुरी घेऊन. डिस्चार्जच्या सकाळी कागद शोधायला लागलात तर नुसती पळापळ होते. "ते आरोग्यमित्राचं (योजनेच्या मदतनिसाचं) काम" असं म्हणणाऱ्या सिस्टर मला आवडत नाहीत. आरोग्यमित्र खाली काउंटरला बसतो. पेशंटच्या उशाशी आपण असतो.

धर्मादाय रुग्णालयात असाल तर आणखी एक ठाऊक हवं. उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे तिथल्या 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. नातेवाईक हे विचारायला बिचकतात. बिल बघितल्यावर "घरी नेतो" म्हणायला लागतात आणि अर्धवट उपचार घेऊन जातात. त्याआधीच समाजसेवा विभागाला कळवा.

वॉर्डातल्या रोजच्या गोष्टी कॉलेजात शिकलेल्याच आहेत, थोडक्यात सांगते. ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, काउंटरवर नको, बेडशेजारी घ्या. सलाईनची जागा लाल झालीय का, पाठीची कातडी कशी आहे, हे आधीच्या ड्यूटीच्या सिस्टरसमोरच बघा. हँडरब 20 ते 30 सेकंद, आणि घाईत असाल तेव्हा तर नक्कीच.

खरी परीक्षा डिस्चार्जला. इन्शुलिनचंच घ्या. आपल्याकडे ते दोन ताकदींचं मिळतं, एका मिलीत 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपीची 40 ची, नारिंगी टोपीची 100 ची. आपण वॉर्डात 40 च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने 20 युनिट देऊन शुगर ताळ्यावर आणतो. पेशंट घराजवळच्या मेडिकलमधून नारिंगी टोपीची सिरिंज घेतो आणि सांगितल्याप्रमाणे वीसच्याच रेघेपर्यंत ओढतो. अंगात जातात 8 युनिट. उलटं झालं, म्हणजे 100 ची बाटली आणि लाल टोपी, तर त्याच रेघेला 50 युनिट. माणूस रात्रीत बेशुद्ध पडू शकतो. आपल्या चार्टवर मात्र दोघांचाही डिस्चार्ज उत्तम.

म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही त्यांच्या पिशवीतून बाहेर काढायला लावा आणि जुळवून बघा. मग त्यांच्याच हातून ओढून घ्या. "आजी, कळलं ना?" याला "हो गं बाई, कळलं की" हेच उत्तर मिळणार, त्यावर जाऊ नका. परवा अशाच एका आजींनी मान डोलावली आणि सिरिंज डोळ्यांपासून हातभर लांब धरली. रेघा दिसतच नव्हत्या, चष्मा घरी! सुनेला बोलावलं, तिच्याकडून दोनदा करून घेतलं. दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं रोस्टरमध्ये कुणी धरत नाही, हे आमच्या प्रशासनाला मी सांगत असतेच.

फ्रिज आहे का, हेही विचारा. उघडलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चालते, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत नाही. तिथे प्लॅस्टिकच्या डबीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायला सांगा. फ्रिज असेल तर फ्रीझरमध्ये ठेवू नका हे बजावा. शुगर उतरून हातपाय थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, 108 ला फोन.

तारीख देताना डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी आणि ड्रेसिंग एकाच दिवशी बसवा. नुसतं ड्रेसिंग असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावाने चिठ्ठी मागून घ्या. काय लावायचं, किती दिवसांनी, हे तिच्यावर वाचता येईल असं लिहिलेलं हवं.

आणि एक वही करा. ऑडिटमध्ये बेडसोर किती, पडले किती, हे मोजतात, पण ते वॉर्डात असलेल्यांचं. जो परत आलाच नाही तो कुठल्याच आकड्यात नसतो, आणि त्यामुळे आपला आकडा छान दिसतो. इन्शुलिनवर गेलेल्यांची नावं, फॉलोअपची तारीख, आले की नाही, एवढे तीन रकाने पुरेत. न आलेल्यांना फोन करा, पण संध्याकाळी सातनंतर. दिवसा फोन मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा साइटवर.