मागच्या तारखेची दुरुस्ती पेलणारं टेबल कसं रचावं

टाइप 2 डायमेन्शन, म्हणजे डेटा वेअरहाउसमधलं जुनी मूल्यंही जपणारं टेबल, सगळ्यांना येतं: मूल्य बदललं की चालू ओळ बंद करायची, नवी उघडायची. मागच्या तारखेपासूनची दुरुस्ती आली की मात्र ते फसतं. ग्राहकाची सवलत 1 फेब्रुवारीपासून बदलली, पण सिस्टिमला ते कळलं 10 मार्चला. जुनी ओळ बदलली तर 1 मार्चला काढलेला रिपोर्ट पुन्हा तसाच निघत नाही. न बदलावी तर फेब्रुवारीचा आकडा चुकलेलाच राहतो.

यासाठी तारखांच्या दोन जोड्या लागतात. लागू_पासून आणि लागू_पर्यंत हा प्रत्यक्ष व्यवहारातला काळ. नोंद_पासून आणि नोंद_पर्यंत हा डेटाबेसला ती गोष्ट खरी वाटत होती तो काळ. 1 जानेवारी 2024 ला एकच ओळ आहे: सवलत 5 टक्के, लागू 1 जानेवारीपासून पुढे, नोंदही तेव्हापासून पुढे. 10 मार्चला 8 टक्क्यांची दुरुस्ती आली की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटात) तीन कामं करा:

1. मूळ ओळीचं फक्त नोंद_पर्यंत 10 मार्च करा. बाकी कशालाही हात लावू नका.
2. 5 टक्क्यांची नवी ओळ घाला: लागू 1 जानेवारी ते 1 फेब्रुवारी, नोंद 10 मार्चपासून.
3. 8 टक्क्यांची ओळ घाला: लागू 1 फेब्रुवारीपासून पुढे, नोंद 10 मार्चपासून.

आता 15 फेब्रुवारीची सवलत आजच्या माहितीनुसार विचारली तर 8 येते, 1 मार्चच्या माहितीनुसार विचारली तर 5. दुसरी पायरी राहून जाणं ही नेहमीची चूक. मग सगळा जानेवारी चालू नोंदींतून, म्हणजे नोंद_पर्यंत अजून उघडं असलेल्या ओळींतून, गायब होतो.

काळ नेहमी अर्धखुला धरा: सुरुवात धरून, शेवट सोडून. एसक्यूएलमधलं बिटवीन दोन्ही टोकं धरतं, त्यामुळे 1 फेब्रुवारीला दोन ओळी सापडतात, जॉइनमध्ये (दोन टेबलं जोडताना) बिलं दुप्पट होतात आणि कुठेही एरर दिसत नाही. उघड्या टोकाला नल (रिकामं मूल्य) ठेवलं तर तुलना अनिर्णित ठरते आणि नेमकी चालू ओळच गळते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये इन्फिनिटी वापरा, इतरत्र 9999-12-31. ही तारीख टाइमझोन बदलताना मर्यादेबाहेर जाऊ शकते, तेवढं सांभाळा.

ओव्हरलॅप (एकाच ग्राहकाच्या दोन ओळींचे काळ एकमेकांवर येणं) अडवण्याचं काम ॲप्लिकेशनवर सोडू नका. एकाच वेळी दोन सेशन तपासतात, दोघांनाही जागा मोकळी दिसते आणि दोघंही ओळ घालतात. पोस्टग्रेसमध्ये बीट्री_जिस्ट एक्सटेन्शन घेऊन एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (डेटाबेसने स्वतः पाळायचा नियम) लावा: ग्राहक समान आणि लागू व नोंद या दोन्ही काळांच्या रेंज एकमेकींवर येत असतील तर नकार. एसक्यूएल सर्व्हर 2016 पासूनची सिस्टिम-व्हर्जन्ड टेबलं फक्त नोंदीचा काळ आपोआप सांभाळतात. लागू असण्याचा काळ आणि त्याचे नियम तुम्हालाच रचावे लागतात. तिथे वेळ यूटीसीत आणि ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची पडते, म्हणून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तीच ओळ दोनदा बदलली तर शून्य लांबीचा काळ तयार होतो.

कन्स्ट्रेंटला मधली फट दिसत नाही. त्यासाठी फक्त चालू नोंदी घ्या, ग्राहकानुसार पार्टिशन (गट) करा, लागू_पासूनच्या क्रमाने लावा आणि लीड या पुढची ओळ वाचणाऱ्या फंक्शनने पुढच्या ओळीचं लागू_पासून या ओळीच्या लागू_पर्यंतशी ताडून पाहा. पुढचं मोठं असेल तर फट, लहान असेल तर ओव्हरलॅप. ही तपासणी प्रत्येक लोडनंतर चालवाच.

फॅक्ट टेबलात (बिलांसारखे व्यवहार असलेल्या टेबलात) आवृत्तीची सरोगेट की, म्हणजे त्या एका ओळीला दिलेला कृत्रिम क्रमांक, साठवली असेल, तर दुरुस्तीनंतरही फेब्रुवारीची बिलं 5 टक्क्यांच्या ओळीकडेच बोट दाखवत राहतात. तिथे ग्राहकाची कायमची की आणि व्यवहाराची तारीख ठेवून रेंजवर जॉइन करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. जॉइन थोडा महाग पडतो. चालू नोंदींवर पार्शल इंडेक्स (फक्त काही ओळींचा इंडेक्स) दिला की बराचसा खर्च भरून निघतो. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजा, आकडा हलता कामा नये.

सगळ्याच टेबलांना हे लावू नका. जिथे मागच्या तारखेपासूनची दुरुस्ती खरोखर येते, म्हणजे दर, करार, पगार, तिथेच ते शोभतं. भरभर बदलणारे कॉलम आधी वेगळ्या टेबलात काढा, नाहीतर एका फोन नंबरपायी चाळीस कॉलमांची नवी आवृत्ती पडते.