दशावताराच्या रात्री स्वयंसेवक म्हणून जाताना

सिंधुदुर्गातील जत्रेत दशावताराच्या, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या पौराणिक लोकनाट्याच्या, रात्री स्वयंसेवक व्हायचे असेल, तर देवस्थानच्या मानकऱ्यांना आधी भेटावे आणि पालखीची वाट मोकळी ठेवणे, पाणी देणे किंवा वाहने लावून घेणे यांपैकी एकच जबाबदारी मागून घ्यावी. पहाटेची थंडी बोचते, म्हणून कांबळे आणि विजेरी जवळ ठेवावी. पूर्वरंगातील, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीच्या भागातील, संकासुर या राक्षसाचा वध चुकवू नये. मात्र खरा आनंद, माझ्या मते, त्यानंतरच्या आख्यानात, म्हणजे मुख्य कथेत, आहे, कारण लिखित संहिता नसतानाही नट पेटी आणि मृदंगाच्या साथीने पुराणप्रसंगांतील संवाद तिथल्या तिथे रचत जातात. चेहरा रंगवत बसलेल्या नटांना छायाचित्रासाठी अडवू नये. पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत थांबावे आणि काल्याचा प्रसाद वाटण्यास हातभार लावावा.